बापाचं नाव कागदावर कसं येतं

अंकुशनगरच्या समर्थ सहकारी साखर कारखान्याचा पट्टा पडला, टोळ्यांनी कोप्या मोडल्या आणि माणसं गावाकडं परतली, की हंगामभर दाबून ठेवलेली घरातली भांडणं वर येतात. बायको लेकरू घेऊन माहेरी गेलेली असते. ‘पोरगं माझं आहे, पण भेटू देत नाहीत,’ असं एक जण म्हणतो. ‘पोरगं माझं नाहीच, मग पोटगी कसली?’ असं दुसरा म्हणतो. पारावर दोघांनाही एकच सल्ला मिळतो, डीएनए कर. हा सल्ला दोघांच्याही फारसा कामाचा नाही. पहिल्याला त्या चाचणीची गरज नसते आणि दुसऱ्याला न्यायालय ती सहजासहजी करू देत नाही.

मुलाचा बाप कोण हे ठरवताना आपला कायदा आधी लग्न पाहतो, रक्त नंतर. पूर्वी ही तरतूद १८७२ च्या पुरावा कायद्यात कलम ११२ म्हणून होती. १ जुलै २०२४ पासून ती भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ११६ मध्ये आली, अर्थ तोच राहिला. वैध लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल त्या नवऱ्याचंच मानलं जातं. लग्न संपल्यावर आईनं दुसरं लग्न केलेलं नसेल, तर पुढच्या २८० दिवसांत जन्मलेलं मूलही त्याचंच. २८० दिवस म्हणजे आपले नऊ महिने दहा दिवस. लग्नानंतर चौथ्या महिन्यात बाळ जन्मलं तरी नियम हाच लागू होतो, कारण कायदा गर्भ कधी राहिला हे विचारत नाही, जन्म कधी झाला ते विचारतो.

हे गृहीतक मोडायची कायद्यात लिहिलेली वाट एकच आहे. गर्भ राहू शकला असता त्या काळात नवरा-बायकोला एकत्र येण्याची संधीच नव्हती, हे नवऱ्यानं सिद्ध करायचं. ‘मी तिच्याकडं गेलो नाही’ एवढं पुरत नाही, ‘जाणं शक्यच नव्हतं’ हे दाखवावं लागतं. समजा, एक जण टोळीबरोबर कर्नाटकातल्या कारखान्यावर गेला होता आणि बायको गावी सासूजवळ होती. तो म्हणतो, सहा महिने मी इथं नव्हतोच, मुकादमाच्या वहीत माझी उचल आहे, हजेरी आहे. समोरचा वकील विचारतो, मधे एखाद्या मयतीला आला होतात का? आईला दवाखान्यात न्यायला? बैल आजारी पडला म्हणून? एकदा जरी ‘हो, दोन दिवस आलो होतो’ निघालं, की त्या वहीचा जोर गेला. म्हणून नुसत्या संशयावर वकिलाची फी भरू नका.

मग डीएनए कधी होतो? सर्वोच्च न्यायालयानं १९९३ सालीच सांगितलं की रक्ताची चाचणी मागितली म्हणून देता येत नाही, त्यासाठी भक्कम प्राथमिक कारण हवं. पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार सिद्ध करण्यासाठी धाकट्या मुलाची चाचणी हवी होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती नाकारली. आई-बापाच्या भांडणात पोराचं शरीर पुरावा म्हणून वापरू नका, असा त्या निकालाचा सूर आहे आणि मला तो पटतो. जानेवारी २०२५ मध्ये केरळच्या एका प्रकरणातही न्यायालयानं हीच भूमिका घेतली. मूल वैध लग्नात जन्मलेलं आहे आणि पती-पत्नीला एकत्र येण्याची संधी होती, एवढं असेल तर बाहेरच्या माणसावर बापपण लादण्यासाठी चाचणी मागता येत नाही.

याच्या उलट दिशेनं जाणारा निकालही महाराष्ट्रातूनच गेलेला आहे, आणि तो अर्धवट ऐकलेला असला की घोटाळा होतो. चंद्रपूर भागातल्या एका जोडप्याचं १९९० मध्ये लग्न झालं. पुढं बायकोनं स्वतःसाठी आणि मुलीसाठी पोटगी मागितली, तेव्हा नवऱ्यानं मुलगी आपली नसल्याचं सांगितलं. खालच्या सगळ्या न्यायालयांनी पोटगीचा आदेश कायम ठेवला. सर्वोच्च न्यायालयात मात्र दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांत डीएनए तपासणी झाली आणि दोन्ही अहवाल नवऱ्याच्या बाजूनं आले. जानेवारी २०१४ मध्ये न्यायालय म्हणालं की विज्ञानाचा खरा अहवाल समोर असताना गृहीतकाला चिकटून बसता येणार नाही. पण दिलेली पोटगी परत घेता येणार नाही, हेही त्याच निकालात आहे. या निकालानं अहवालाचं वजन ठरवलं, चाचणी कोणालाही मागता येते असं कुठं म्हटलेलं नाही. आणि खासगी लॅबमध्ये गुपचूप मुलाचे केस किंवा थुंकी देऊन आणलेल्या कागदावर कोर्टात मदार ठेवू नका. नमुना कुणाचा, कुणासमोर घेतला, वाटेत कुणाच्या हातात होता, या पहिल्याच प्रश्नांना तिथं उत्तर नसतं.

न्यायालयानं चाचणीचा आदेश दिला आणि एखाद्यानं नमुना द्यायला नकार दिला, तर त्या नकाराचा विपरीत अर्थ काढण्याची मुभा न्यायालयाला असते. उत्तर प्रदेशचे माजी मुख्यमंत्री नारायण दत्त तिवारी यांनी वर्षानुवर्षं टाळाटाळ केली, तरी शेवटी त्यांना रक्त द्यावं लागलं आणि जुलै २०१२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात अहवाल उघडला गेला. बापपणाचा दावा लावणाऱ्या तरुणाचे ते बाप निघाले. हे प्रकरण टीव्हीवर गाजलं आणि तेव्हापासून प्रत्येकाला वाटतं की आपलंही तसंच होईल. तसं क्वचित होतं.

आता आपल्या भागात सगळ्यात जास्त घात करणाऱ्या कागदाबद्दल. तो म्हणजे फारकत. स्टँप पेपर, वर नोटरीचा शिक्का, खाली दोन्हीकडच्या चार-चार माणसांच्या सह्या आणि अंगठे, मजकुरात ‘आजपासून आमचा एकमेकांशी काही संबंध राहिला नाही’. गावाच्या दृष्टीनं विषय मिटला. मग बाई पाट लावून किंवा गंधर्व करून दुसऱ्याच्या घरी नांदायला जाते, तिथं तिला मूल होतं. कायद्याच्या दृष्टीनं मात्र पहिलं लग्न जागच्या जागी आहे, कारण नोटरी घटस्फोट देऊ शकत नाही. जातीची रूढी म्हणून असा घटस्फोट मान्य व्हायला हिंदू विवाह कायद्यात जागा आहे, पण ती रूढी जुनी, अखंड आणि सर्वमान्य आहे हे पुराव्यानं सिद्ध करावं लागतं, आणि तिथं बहुतेक जण अडतात. परिणाम असा की दुसऱ्या घरी जन्मलेल्या मुलाचा बाप म्हणून पहिल्या नवऱ्याचं नाव पुढं येऊ शकतं, आणि ज्यानं त्याला खांद्यावर खेळवलं त्याला आपलं बापपण सिद्ध करत बसावं लागतं. पहिल्यावर पोटगीचं ओझं येऊ शकतं, दुसऱ्याच्या नावाला धक्का बसू शकतो, आणि पोराच्या वाट्याला दोन्ही घरांचे टोमणे.

यावर उपाय अवघड नाही. दोघांनाही वेगळं व्हायचंच असेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली परस्परसंमतीचा अर्ज करा. किमान एक वर्ष वेगळं राहिलेलं असावं लागतं, अर्जानंतर सहा महिन्यांचा थांबा असतो आणि योग्य प्रकरणात तो माफही होतो. फारकतीला जेवढी माणसं गोळा करता, तेवढी करायचीही गरज पडत नाही. बौद्ध, जैन आणि शीख वाचकांनाही हाच कायदा लागू आहे. ‘आमचं वेगळं असतं’ असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

लग्नाचा दाखला नसणं ही दुसरी अडचण. फोटो आहेत, पत्रिका आहे, पंगत उठली, पण नोंद नाही. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याखाली लग्नाची नोंद होते आणि गावात हे काम ग्रामपंचायतीतच होतं. बापाचं नाव सांगणारा पहिला कागद जन्मदाखला असं आपण समजतो, पण खरा पहिला कागद हाच.

जन्माच्या नोंदीकडं येऊ. बाळंतपण दवाखान्यात झालं, तर नोंदीची माहिती दवाखाना पाठवतो, घरी झालं तर घरच्यांनी कळवायचं. मुदत २१ दिवसांची. त्यानंतर ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क भरून काम होतं, एक वर्षापर्यंत लेखी परवानगी लागते, आणि वर्ष उलटलं की महसुली अधिकाऱ्याचा आदेश. पहिलं बाळंतपण बहुधा माहेरी होतं आणि तिथंच गोची होते. पोरीच्या आधारकार्डावर अजून माहेरचं नाव आणि आडनाव, सोबत आलेली तिची आई घाईत सांगते तेच फॉर्मवर उतरतं, जावयाचं नाव घरातल्या हाकेचं. ‘बाळासाहेब’ लिहिलं जातं, आणि सातबाऱ्यावर तो ‘विठ्ठल’ असतो. त्यामुळं प्रसूतीच्या वेळी नवऱ्यानं स्वतः दवाखान्यात हजर राहावं, आपलं आधार आणि लग्नाचा दाखला दाखवावा, फॉर्म भरताना मागं उभं राहून स्पेलिंगसकट वाचून घ्यावा. ऊसतोडीच्या दिवसांत हे जमत नसेल, तर सासऱ्याच्या मोबाइलवर कागदाचे फोटो पाठवून ठेवावेत.

हा आग्रह एवढ्यासाठी, की १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, आधार, मतदारयादी, वाहनपरवाना, लग्ननोंदणी, सरकारी नोकरी अशा बहुतेक ठिकाणी जन्मदाखला हाच मुख्य पुरावा झाला आहे. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांचं नाव राज्याच्या शासकीय कागदांवर बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव अशा क्रमानं लिहायचं आहे. काही बापांना हा आपल्या नावावरचा घाला वाटतो. त्यात बापाचं काहीच कमी झालेलं नाही, आईचं होतं ते लिहिलं गेलं.

दाखल्यात एखादं अक्षर चुकलं तर निबंधक दुरुस्त करू शकतो. पण एक बाप काढून दुसरा घालणं ही दुरुस्ती धरली जात नाही, त्यासाठी न्यायालयाचा आदेश हवा. राजपत्रात जाहिरात दिली की बाप बदलतो हा समज चुकीचा आहे, तिथं बदलतं ते फक्त तुमचं स्वतःचं नाव. सावत्र बापाला आपलं नाव लावायचं असेल, तर कायदेशीर दत्तक हा मार्ग आहे. शाळेच्या हेडमास्तरांना भरीला घालून जनरल रजिस्टरमध्ये खाडाखोड करून घेतली, तर ती पुढं जात पडताळणीत उघडी पडते. मराठा आरक्षणाच्या आंदोलनानं गाजलेली अंतरवाली सराटी आपल्याच तालुक्यातली. २०२३ पासून इथली किती घरं पणजोबाच्या कुणबी नोंदी शोधत मोडी वाचणाऱ्यांच्या मागं फिरली, ते सगळ्यांनी पाहिलंय. बापाकडच्या एका नोंदीची किंमत काय असते, हे या भागाला वेगळं सांगायला नको. तरी घरातल्या नातवाची नोंद मात्र पाच-पाच वर्षं राहून जाते.

लग्नच नसेल तर? अशा मुलाची नैसर्गिक पालक आधी आई असते, बाप तिच्यानंतर. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा, १९५६ मधलं कलम ६ तसं सांगतं. अविवाहित आईला बापाचं नाव न सांगताही पालक म्हणून मान्यता मिळू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं जुलै २०१५ मध्ये ठरवलं. म्हणजे अशा बापाला हक्क हवे असतील, तर त्यानं स्वतः पुढं होऊन मुलाला स्वीकारायचं, जन्मनोंदीत आईच्या संमतीनं नाव घालायचं आणि वाद झाला तर न्यायालयात अर्ज करायचा. दोघं वर्षानुवर्षं नवरा-बायकोसारखे एका घरात राहत असतील, तर न्यायालय त्यांचं लग्न झाल्याचं गृहीत धरू शकतं, आणि हे २०२२ मध्येही पुन्हा सांगितलं गेलं आहे. मुस्लिम कायद्यात बापानं मुलाला आपलं म्हणून स्वीकारणं, म्हणजे इकरार, याला स्वतंत्र महत्त्व आहे, मात्र ते मूल दुसऱ्या कुणाचं असल्याचं सिद्ध झालेलं असेल तर तो चालत नाही.

पोटगी मात्र लग्नाची वाट पाहत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे पूर्वीच्या १२५ खाली, लग्नातलं आणि लग्नाबाहेरचं मूल दोघंही बापाकडं पोटगी मागू शकतात. दुसरेपणाच्या, कायद्यात न टिकणाऱ्या लग्नातलं मूलही हिंदू विवाह कायद्याच्या कलम १६ मुळं औरस धरलं जातं. आई-बापाच्या मालमत्तेत त्याचा वाटा असतो, आणि सप्टेंबर २०२३ च्या निकालानं एकत्र कुटुंबातल्या बापाच्या हिश्शापर्यंत तो पोचवला. बालविवाहातून जन्मलेली मुलंही २००६ च्या कायद्यानं औरसच आहेत. आपल्या जिल्ह्यात हे सांगावं लागतं. अल्पवयीन आईची नोंद करायला गेलो तर पोलिस येतील, या भीतीनं नोंद टाळू नका. गुन्हा मोठ्यांच्या अंगावर येतो आणि येईलही, पण नोंद टाळल्यानं त्या लेकराचं आयुष्यभराचं नुकसान होतं.

ताबा आणि भेट हा बापांचा खरा दुखरा विषय. पालकत्व कायद्याच्या त्याच कलम ६ प्रमाणं लग्नातल्या मुलाचा नैसर्गिक पालक आधी बाप असतो, म्हणून अनेकांना वाटतं पोरगं आपल्याच हातात यायला हवं. त्याच कलमात लिहिलं आहे की पाच वर्षांच्या आतलं मूल साधारणपणे आईजवळ राहील. १९९९ च्या गीता हरिहरन खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आईलाही बापाच्या हयातीत पालक मानता येतं असं स्पष्ट केलं. या सगळ्याच्या वर, याच कायद्याच्या कलम १३ प्रमाणं, मुलाचं हित. त्याच्यापुढं बापाचा हक्कही टिकत नाही आणि आईचाही नाही.

त्यामुळं तीन वर्षांचं पोरगं आईकडून काढून घ्यायचा अर्ज करण्यात पैसे घालवू नका. भेटीचा अर्ज करा. घटस्फोटाचा खटला चालू असेल तर त्यातच हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली, नसेल तर पालक व पाल्य कायदा, १८९० खाली. हा अर्ज मूल जिथं नेहमी राहतं तिथल्या न्यायालयात करायचा असतो. बायको टोळीबरोबर चार महिने अंकुशनगरला कोपीत राहिली म्हणून मुलाचं नेहमीचं घर इथलं होत नाही. ती बीड जिल्ह्यातली असेल आणि लेकरू एरवी तिथंच वाढत असेल, तर बहुधा तिकडं जावं लागेल. मागताना नेमकं मागा: महिन्यातले कोणते दोन रविवार, किती वाजता, कुठं, आठवड्यात कोणत्या वारी व्हिडिओ कॉल, दिवाळीचे किती दिवस, उन्हाळ्याच्या सुट्टीतले किती. ‘मला माझं मूल हवं’ एवढ्याच अर्जावर न्यायाधीशाला काय आदेश लिहायचा ते कळत नाही.

पुरावाही तसाच साधा लागतो. लसीकरणाच्या कार्डावर तुमच्यासोबत झालेल्या फेऱ्या, शाळेच्या पावत्या, दवाखान्याची बिलं, पाठवलेले पैसे. पैसे रोख देऊ नका, फोनवरून पाठवा, नोंद राहते. पोटगी दिली नाही म्हणून भेट बंद करता येत नाही, तशीच भेट देत नाहीत म्हणून पोटगी थांबवता येत नाही. या दोन गोष्टी एकमेकांत अडकवल्या की तोटा हटकून बापाचाच होतो. नागपूरच्या एका प्रकरणात २०२० साली सर्वोच्च न्यायालयानं पोटगीच्या खटल्यात दोन्ही बाजूंनी उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र देणं बंधनकारक केलं. तिथं दोन एकर लपवून ठेवली की पुढं तुमच्या कुठल्याच शब्दावर विश्वास बसत नाही.

शाळेतून किंवा अंगणवाडीतून पोराला परस्पर उचलून आणायचा मोह आवरा. बाप नैसर्गिक पालक असल्यानं, न्यायालयाची मनाई नसेल तर, तो अपहरणाचा गुन्हा ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२३ मध्ये म्हटलं आहे. ते खरं असलं, तरी ताब्याच्या खटल्यात हाच प्रसंग तुमच्याविरुद्ध पहिल्या पानावर येतो. तसंच रागाच्या भरात पोटगीच्या उत्तरात ‘मूल माझं नाही’ असं लिहू देऊ नका. काही वकील ते वाक्य सवयीनं घालतात. सही करण्याआधी मराठीत वाचून घ्या. बायकोच्या चारित्र्यावर असे बिनबुडाचे आरोप करणं हीच क्रूरता असल्याचं सर्वोच्च न्यायालयानं २००३ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं आहे. शिवाय आज नाकारलेल्या मुलाची भेट उद्या कोणत्या तोंडानं मागणार?

आई वारली आणि मूल आजोळी आहे, अशा वेळी बापाची बाजू बरीच भक्कम असते. मे २०१९ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, आई कर्करोगानं गेल्यावर नातलगांकडं असलेलं लहान मूल सर्वोच्च न्यायालयानं बापाच्या ताब्यात दिलं. पण २००८ मध्ये, आईच्या मृत्यूबद्दल बापावरच खटला चालू होता तेव्हा, त्याच न्यायालयानं मूल आजी-आजोबांकडं ठेवलं. मूल कळत्या वयाचं असेल तर न्यायाधीश त्यालाही विचारतात, बहुधा आपल्या दालनात बसवून. त्याला आधी पढवू नका. पढवलेलं पोर न्यायाधीशाला दोन प्रश्नांत कळतं.

यातलं बरंचसं काम वकिलाशिवाय होत नाही, पण वकील परवडत नाही म्हणून घरी बसायचं कारण नाही. तालुका न्यायालयाशी जोडलेली तालुका विधी सेवा समिती आणि जालन्याचं जिल्हा विधी सेवा प्राधिकरण मोफत वकील देतात. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही, बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. जाताना लग्नाचा दाखला किंवा पत्रिका, मुलाचा जन्मदाखला, दोघांची आधारकार्डं आणि फारकतीचा कागद असेल तर तोही सोबत न्या, लाज वाटली तरी न्या. फोनवर विचारायचं असेल तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक १५१०० आहे.